मुख्यमंत्र्यांची मुदत



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत ‘मुख्यमंत्र्यांची मुदत’ असा छापला आहे. तो वाचून काही मंडळींचा असा समज झाला असेल की, आजचा वक्ता पंचांग घेऊन आला असून अमुक सरकार किती दिवस टिकेल ह्याचे भविष्य तो सांगणार आहे. त्या मंडळींची निराशा करणे मला भाग आहे. भविष्य सांगण्याचा धंदा माझा नव्हे. मी फक्त मागचा जमाखर्च मांडणार आहे. परंतु हा समज सर्वस्वी अनाठायी आहे असेही मला म्हणवत नाही. आपल्याकडे नवे मंत्रिमंडळ शपथ घेऊन राजभवनाच्या पायऱ्या उतरते न उतरते तोच पारावर, कचेरीत आणि आगगाडीच्या डब्यात पहिला प्रश्न निघतो तो ‘हे किती दिवस टिकणार?’ असा. ‘हे काय करणार?’ हा प्रश्न मागाहून येतो, आणि पुष्कळदा येतच नाही. तेव्हा टिकणे म्हणजे काय, माणूस टिकतो तो कोणाच्या जोरावर, आणि तो टिकल्याने अगर न टिकल्याने तुमचेआमचे काय साधते किंवा बिघडते, ह्याचा आज घटकाभर विचार करू.

वसंतात सार्वजनिक व्याख्याने करण्याची प्रथा न्यायमूर्ती रानडे ह्यांनी पुण्यात १८७५ साली सुरू केली. त्या वेळी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते सर फिलिप वुडहाउस. ते १८७२ साली आले आणि १८७७ साली गेले. म्हणजे पाच वर्षे. पुढील काळातील यादी पाहा. लॉर्ड विलिंग्डन १९१३ ते १९१८, सर जॉर्ज लॉइड १९१८ ते १९२३, सर लेस्ली विल्सन १९२३ ते १९२८, सर फ्रेडरिक साइक्स १९२८ ते १९३३. घड्याळाचा लंबक हलावा तसे दर पाच वर्षांनी एक साहेब बोटीवर चढत होते आणि दुसरे उतरत होते. स्थैर्य म्हणाल तर ह्याहून अधिक स्थैर्य आपल्या प्रांताने नंतर कधी पाहिलेले नाही! परंतु ह्या स्थैर्याची किल्ली लंडनमध्ये होती. साहेबांचा कारभार आवडला नाही म्हणून त्यांना घरी पाठवण्याची सोय येथील रयतेला नव्हती. स्थैर्य होते, जबाबदारी नव्हती. हे पहिले चित्र ध्यानात असू द्या.

दुसरे चित्र १९३७ सालचे. नव्या कायद्याखाली मुंबई इलाख्याचे पहिले मुख्य प्रधान झाले साताऱ्याचे सर धनजीशा कूपर. त्यांच्या पाठीशी बहुमत नव्हते. १ एप्रिलला त्यांनी सूत्रे घेतली आणि १९ जुलैला ती बाळासाहेब खेरांच्या हाती गेली. साडेतीन महिन्यांचा तो संसार. खेरांचे मंत्रिमंडळही महायुद्धाच्या प्रश्नावर नोव्हेंबर १९३९ मध्ये तत्त्वासाठी बाहेर पडले. तेही सव्वादोन वर्षांतच. म्हणजे लोकांनी निवडलेल्या सरकाराचा आपला अनुभवच मुळी अल्प मुदतीने सुरू झाला.

घटना तयार करणाऱ्यांना ही अडचण ठाऊक नव्हती असे नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न अगदी उघडपणे सभेपुढे ठेवला. त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ असा की, लोकशाहीतील कार्यकारी सत्तेने दोन अटी पुऱ्या केल्या पाहिजेत: ती स्थिर असली पाहिजे आणि ती जबाबदार असली पाहिजे. दुर्दैवाने ह्या दोन्ही गोष्टी सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अद्याप कोणाला सापडलेली नाही. अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य अधिक, जबाबदारी कमी. इंग्लंडच्या पद्धतीत जबाबदारी अधिक, स्थैर्य कमी. अमेरिकेत कारभाराचे मूल्यमापन ठरावीक काळाने होते, तर संसदीय पद्धतीत ते रोज होते. प्रश्न विचारून, ठराव आणून, चर्चा करून होते. आपण स्थैर्यापेक्षा जबाबदारी अधिक पसंत केली.

हा एक सौदा होता, आणि तो डोळे उघडे ठेवून केलेला होता. म्हणूनच घटनेत मुख्यमंत्र्याला मुदत दिलेली नाही. विधानसभेला पाच वर्षांची मुदत आहे, ती १७२ व्या अनुच्छेदात. मुख्यमंत्र्याविषयी १६४ वा अनुच्छेद एवढेच सांगतो की, त्याची नेमणूक राज्यपाल करील, मंत्री राज्यपालाची मर्जी असेपर्यंत पदावर राहतील, आणि मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार राहील. मर्जी हा शब्द पेशवाईच्या दप्तरातला वाटतो. पण त्याचा घटनेतील अर्थ दरबारी नाही. मर्जी राज्यपालाची म्हणायची, परंतु ती चालायची सभागृहाच्या विश्वासावर. थोडक्यात, मुख्यमंत्री रोज सकाळी उठून सभागृहाचा विश्वास नव्याने कमावणारा रोजंदार आहे. तो अकरा वर्षे राहिला तरी रोजंदार आणि तीन दिवस राहिला तरी रोजंदारच.

आता आपल्या घरचा ताळेबंद पाहू. त्याचे तीन खंड पडतात.

पहिला खंड १ मे १९६० ते फेब्रुवारी १९७५. यशवंतराव चव्हाण नव्या राज्याचे मुख्यमंत्री म्हणून अडीच वर्षे राहिले आणि चीनच्या आक्रमणाच्या वेळी, नोव्हेंबर १९६२ मध्ये, संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. मारोतराव कन्नमवार एक वर्षभर होते. पदावर असतानाच नोव्हेंबर १९६३ मध्ये ते निवर्तले. काही दिवस बाळासाहेब सावंतांनी काम पाहिले. मग ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव नाईक आले, ते ११ वर्षे आणि अडीच महिने राहिले. आजवर महाराष्ट्रात इतका काळ कोणी राहिलेला नाही.

दुसरा खंड फेब्रुवारी १९७५ ते ऑक्टोबर २०१४. ही जवळजवळ चाळीस वर्षे. ह्या काळात तेरा व्यक्तींनी मिळून अठरा वेळा हे पद सांभाळले. शरद पवारांनी तीनदा. शंकरराव चव्हाण, वसंतदादा पाटील आणि विलासराव देशमुख ह्यांनी प्रत्येकी दोनदा. राष्ट्रपतींच्या राजवटीचा काळ वजा केला तर दर खेपेची सरासरी साधारण सव्वादोन वर्षे पडते. म्हणजे खेरांच्या १९३७ च्या मंत्रिमंडळाइतकीच. शिवाजीराव पाटील-निलंगेकरांना नऊ महिने मिळाले, नारायण राणे ह्यांना साडेआठ. ह्या सबंध काळात एका दमात पाच वर्षे कोणीही पुरी केली नाहीत.

तिसरा खंड २०१४ नंतरचा. देवेंद्र फडणवीसांनी २०१४ ते २०१९ ही पाच वर्षे सलग पुरी केली. १९६७ ते १९७२ च्या वसंतराव नाईकांनंतर विधानसभेची पूर्ण मुदत पदावर राहणारे ते दुसरेच. आणि विधिलिखित पाहा: त्याच फडणवीसांची त्यानंतरची कारकीर्द नोव्हेंबर २०१९ मध्ये २३ तारखेला सुरू झाली आणि २६ तारखेला राजीनाम्याने संपली. पुढे उद्धव ठाकरे अडीच वर्षांहून थोडे अधिक राहिले, एकनाथ शिंदे त्याहून थोडे कमी. आणि ५ डिसेंबर २०२४ रोजी फडणवीसांनी पुन्हा शपथ घेतली.

इथे एक गमतीची गोष्ट सांगतो. सरकारी नोकरांच्या बदल्यांविषयी आपल्या विधिमंडळाने २००५ साली एक कायदा केला. वारंवार बदल्या झाल्या तर कारभार नीट होत नाही, म्हणून नोकराला एका जागी सर्वसाधारणपणे तीन वर्षे मिळावीत, असे त्यात ठरवले. तर्क बिनतोड आहे. परंतु हा कायदा ज्या राज्याने केला, त्या राज्याच्या मुख्यमंत्र्याला मात्र चाळीस वर्षांच्या सरासरीने तीन वर्षे लाभलेली नव्हती!

पण खरी विचार करण्यासारखी बाब ह्याच्या पुढे आहे. इतके मुख्यमंत्री गेले ते कसे गेले? १९६२, १९८८ आणि १९९१ साली दिल्लीचे बोलावणे आले म्हणून. १९८० साली केंद्राने नऊ राज्यांतली सरकारे एकदम घालवली, त्यांत आपले एक. १९८२ साली उच्च न्यायालयाचा निकाल लागला म्हणून. १९९५ आणि १९९९ साली निवडणुकीत बहुमत गेले म्हणून. २००८ साली मुंबईवरील हल्ल्यानंतर. १९७८, २०१४ आणि २०२२ साली पक्षांत किंवा आघाडीत फूट पडली म्हणून. आणि १९७५, १९८३, २००३ अशा कितीतरी वेळा पक्षश्रेष्ठींनी ठरवले म्हणून. २००४ साली तर निवडणूक जिंकल्यावर मुख्यमंत्री बदलला. ह्या साऱ्या यादीत एक कारण आपल्याला सापडणार नाही. सभागृहात अविश्वासाचा ठराव आला, त्यावर बाजू मांडल्या गेल्या, मते मोजली गेली आणि मुख्यमंत्री हरला, असे महाराष्ट्रात एकदाही घडलेले नाही.

बाबासाहेबांनी सांगितलेला सौदा आता आठवा. आपण स्थैर्य सोडले ते जबाबदारीच्या बदल्यात. अस्थैर्याची किंमत आपण भरपूर मोजली. परंतु मोबदल्यात जो माल यायचा होता, तो मुख्यमंत्री का आला आणि का गेला ह्याचा सभागृहात, लोकांच्या देखत होणारा हिशेब, तो आपल्या पदरात पुरता पडलाच नाही. पैसे दिले आणि पिशवी रिकामी घेऊन घरी आलो, असा हा बाजार झाला. माझ्या आजच्या व्याख्यानाचे सार म्हणाल तर ते एवढेच आहे.

२०२२ च्या घटनेने ह्या गोष्टीवर लख्ख प्रकाश पडतो. बहुमताची परीक्षा दुसऱ्या दिवशी व्हायची होती. तिच्या आदल्या रात्री, २९ जूनला, मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी असे सांगितले की, राज्यपालांनी त्या परीक्षेचा दिलेला आदेश समर्थनीय नव्हता. परंतु मुख्यमंत्र्यांनी परीक्षेला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे पूर्वस्थिती आणता येणार नाही. कोणत्या पक्षाचे बरोबर, हा प्रश्न आज आपल्यापुढे नाही. सभागृहाची पायरी चढण्यापूर्वीच खेळ संपला की न्यायालयाचेही हात बांधले जातात, हे ध्यानात घ्यायचे. ह्याउलट उत्तर प्रदेशाची गोष्ट. फेब्रुवारी १९९८ मध्ये राज्यपालांनी कल्याणसिंगांना काढून जगदंबिका पाल ह्यांना बसवले. पाल औटघटकेचे राजे ठरले; कारण सर्वोच्च न्यायालयाने २६ फेब्रुवारीला दोघांची परीक्षा एकाच वेळी सभागृहात घ्यायला लावली, आणि तीत कल्याणसिंग जिंकले. सर्वांच्या देखत डोकी मोजल्यावर वादाला जागा राहिली नाही. १९९४ च्या बोम्मई खटल्यात न्यायालयाने हेच तत्त्व सांगितले होते: बहुमताची मोजणी राजभवनात नव्हे, सभागृहात व्हावी.

आता कोणी म्हणेल, वारंवार माणूस बदलल्याने राज्याचे नुकसान झाले, हे तरी खरे ना? खरे आहे, पण वाटते तितके सरळ नाही. रोजगार हमीची योजना पाहा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतून १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूरला तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळाने तिची गरज साऱ्या राज्याला पटवली. कायदा झाला तो १९७७ चा, आणि तो लागू झाला २६ जानेवारी १९७९ रोजी. विसापूर ते कायद्याची अंमलबजावणी ह्या काळात नाईक, शंकरराव चव्हाण, वसंतदादा आणि पवार असे चार मुख्यमंत्री झाले. योजना मात्र जगली. जायकवाडीची कोनशिला लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली बसवली आणि १९७६ साली धरणाचे उद्घाटन इंदिरा गांधींनी केले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जोशींच्या अमदानीत सुरू झाला आणि देशमुखांच्या अमदानीत २००२ साली पुरा झाला. ज्या कामामागे कायदा, सनदी नोकर आणि विधिमंडळाची संमती उभी असते, ते खुर्चीवरचा माणूस बदलला तरी वाहून जात नाही.

आणि अल्प मुदतीतही डोंगराएवढे काम होऊ शकते. यशवंतरावांच्या अडीच वर्षांत जिल्हा परिषदांचा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून गावोगाव नवी सत्ताकेंद्रे उभी राहिली. वसंतदादांच्या १९८३ ते १९८५ ह्या सव्वादोन वर्षांत विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्या एका निर्णयाचे बरेवाईट परिणाम आज घराघरांत दिसतात. दीर्घ मुदतीचे महत्त्व वेगळ्या जागी आहे. १९६८ ते १९७२ ह्या काळात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे चार कृषी विद्यापीठे निघाली. पेरणी करणाराच राखणीला होता, म्हणून ही रोपे जगली.

राखणी दीर्घकाळ एकाच हाती राहिली तर काय होते, हे पाहायला महाराष्ट्राबाहेर जावे लागेल. सिक्कीमचे पवनकुमार चामलिंग डिसेंबर १९९४ ते मे २०१९ असे साडेचोवीस वर्षांच्या आसपास मुख्यमंत्री होते; भारतात ह्याहून अधिक कोणी राहिले नाही. ओरिसाचे नवीन पटनाईक मार्च २००० ते जून २०२४, सव्वाचोवीस वर्षे. पश्चिम बंगालचे ज्योती बसू जून १९७७ ते नोव्हेंबर २०००, तेवीस वर्षांवर. ह्या मंडळींच्या पदरी मोठी पुण्याई आहे. सिक्कीमने सेंद्रिय शेतीचे धोरण २००३ साली जाहीर केले आणि २०१६ साली ते राज्य पूर्ण सेंद्रिय म्हणून घोषित झाले. सव्वादोन वर्षांच्या सरासरीत असली गोष्ट कोण हाती धरणार? ओरिसात १९९९ च्या महावादळाने दहा हजारांच्या आसपास माणसे मेली. २०१३ साली ‘फायलिन’ आले तेव्हा दहा लाखांच्या जवळपास लोक आधीच हलवले गेले होते, आणि मृतांचा आकडा पन्नासाच्या आत राहिला. त्यासाठी लागणारी यंत्रणा पटनाईक येण्यापूर्वीच स्थापन झाली होती, पण तिला वर्षानुवर्षे पाणी घातले ते त्यांनी. बंगालमध्ये १९७८ पासून बटाईदारांच्या नोंदी झाल्या आणि पंचायतींच्या निवडणुका नेमाने होऊ लागल्या.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहू. वडाच्या झाडाखाली दुसरे झाड वाढत नाही. २०२१ साली बंगालच्या विधानसभेत डाव्या पक्षांना एकही जागा मिळाली नाही. आणि तेथेच त्यांनी चौतीस वर्षे राज्य केले होते. चामलिंगांच्या पक्षाला २०२४ साली ३२ पैकी एक जागा मिळाली. म्हणजे पक्ष खुर्चीला टेकून उभा होता. खुर्ची सरकली आणि पक्ष आडवा झाला. आपल्या शेजारच्या गोव्यात प्रतापसिंह राणे १९८० ते १९९० सलग दहा वर्षे राहिले. ते जाताच एका वर्षाच्या आत दोन मुख्यमंत्री आणि वर राष्ट्रपतींची राजवट असे सारे गोव्याने पाहून घेतले. दीर्घ मुदत म्हणजे स्थैर्यच असे नव्हे. कधी कधी ते पुढे ढकललेले अस्थैर्य असते.

ह्या साऱ्यांत मला कामराजांचे उदाहरण वेगळे वाटते. मद्रासचे मुख्यमंत्री म्हणून साडेनऊ वर्षे झाली होती, आसन हललेले नव्हते. तरी २ ऑक्टोबर १९६३ रोजी पक्षकार्यासाठी ते आपण होऊन खुर्चीवरून उठले. बसावे कधी हे पुष्कळांना कळते. उठावे कधी हे फार थोड्यांना.

मग उपाय काय? पक्षांतराला आळा घालणारा कायदा १९८५ साली झाला. एकतृतीयांश आमदार फुटले तर चालेल ही त्यातली पळवाट २००३ च्या घटनादुरुस्तीने बुजवली. त्याच दुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर रोखली. तरीही पुढे काय झाले ते आपण पाहिले. जर्मनीत एक चांगला नियम आहे: नवा प्रमुख त्याच ठरावाने निवडल्याशिवाय जुन्याला काढता येत नाही. १९८२ साली तेथे श्मिट गेले आणि कोल आले ते अशाच मतदानाने. आपल्या घटनेचा आढावा घेणाऱ्या वेंकटचलय्या आयोगानेही २००२ साली ह्या धर्तीची शिफारस केली होती. ती विचार करण्याजोगी आहे.

परंतु केवळ नियमाने भागणार नाही. मुख्यमंत्री श्रेष्ठींच्या दारात टिकतो की सभागृहात टिकतो, हे अखेर आपण कशाला महत्त्व देतो त्यावर ठरते. ‘किती टिकणार?’ हा प्रेक्षकाचा प्रश्न आहे, आणि तो विचारणारा नागरिक खेळ पाहायला बसलेला असतो. नागरिकाचे प्रश्न निराळे असतात. आमच्या आमदाराने गेल्या अधिवेशनात काय विचारले? आमच्या तालुक्याच्या पाण्याची मागणी चर्चा होऊन मंजूर झाली, की चर्चेवाचून? महालेखापालांच्या अहवालावर सभागृहात कोणी बोलले का? दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून अधिक अंतर नसावे असे घटना सांगते. पण अधिवेशन भरले म्हणजे हिशेब झाला असे नव्हे. आमदार मते मागायला पुढच्या वेळी दारी येईल, तेव्हा त्याला ‘तुमचे सरकार किती टिकेल?’ असे न विचारता, ‘मुख्यमंत्री बदलला त्या दिवशी तुम्ही सभागृहात काय बोललात?’ असे विचारा. त्याच्यापाशी ह्याचे उत्तर नसेल तर तो अडखळेल. आणि चार ठिकाणी अडखळला की पाचव्या ठिकाणी जाण्यापूर्वी तो सभागृहात तोंड उघडील.

वुडहाउस साहेबांना हा प्रश्न विचारण्याची सोय आपल्या पणजोबांना नव्हती. आपल्याला ती आहे, आणि तिच्यासाठी आपण स्थैर्यासारखी मोलाची वस्तू देऊन बसलो आहोत. दिलेल्या किमतीचा माल पदरात पाडून घेणे हे शहाण्या गिऱ्हाइकाचे लक्षण आहे.